मागावर उभे राहणाऱ्यांचे पाय

संपादक महोदय,

सोलापुरात यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणाऱ्यांच्या पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात. 'वय झालं' म्हणून त्या सोडून देणे चुकीचे आहे.

हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते, पण पायांतून परत येताना तो जोर जवळपास संपलेला असतो. तिथे पोटरीचे स्नायू कामाला येतात. पाऊल टाकताना ते आवळतात, खोलवरच्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकते आणि शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. एका जागी उभे राहिले की हे थांबते. घोट्यापाशी शिरेतला दाब ८०-९० मिमी पाऱ्यापर्यंत चढतो. निरोगी पायात चालताना तो ३०च्या आसपास उतरतो. सततच्या दाबाने शिरा ताणतात, झडपा नीट मिटत नाहीत. पुढे घोट्यावर काळे डाग, खाज आणि न भरणारी जखम.

दर अर्ध्या तासाने वीसेक वेळा टाचा उचलाव्यात. मांडी घालून बिड्या वळणाऱ्या भगिनींनीही अधूनमधून उठून चालावे. घट्ट दाबमोजे सकाळी अंथरुणातच चढवावेत. मात्र मधुमेही व तंबाखू सेवन करणाऱ्यांनी आधी पावलाची नाडी तपासून घ्यावी. पायाकडे रक्त नेणारी रोहिणी (धमनी) अरुंद असेल तर मोजा अपायच करतो.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तेल लावून चोळू नये. आत गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात अडकू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

– एक डॉक्टर, सोलापूर