थर्मोस्टॅट काढल्याने जुनी पिकअप थंड होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की कसारा घाटात बोनेट वर करून उभ्या असलेल्या जुन्या पिकअप दिसू लागतात. रेडिएटरच्या तोंडातून वाफ निघत असते, शेजारी पाण्याचा कॅन असतो, आणि जमलेल्या चौघांपैकी एक जण हमखास सांगतो, "थर्मोस्टॅट काढून फेका." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. ती काढण्याच्या या सल्ल्याबद्दल चार गोष्टी लिहिणे गरजेचे वाटते.

आधी गाडी कोणती ते पाहू: महिंद्राची जुनी डिझेल पिकअप. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून परवाना घेतला आणि एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन याच घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीत बनू लागले. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), म्हणून ४.९०, एकूण २,११२ सीसी. सिलिंडरांचा ब्लॉक बिडाचा, त्यावर बसणारे हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट पसरते. त्यामुळे हे इंजिन एकदा जरी जास्त तापले, तरी हेड वाकायला तेवढे पुरते. तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतणारे हेच विसरतात.

आता थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासच्या आखूड वाटेने पंपाकडे परत येते. साधारण ८२ अंशांना थर्मोस्टॅट उघडू लागतो, आणि बायपास बंद करणाऱ्या जातीचा असेल तर त्याची खालची चकती त्याच वेळी ही आखूड वाट बुजवते. असा थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायमची उघडी राहते. गरम पाण्याचा बराचसा भाग रेडिएटरचे तोंड न पाहताच इंजिनात परत फिरतो. सपाटीला गाडी थंड वाटते, घाटात मात्र तापमानाचा काटा वर जातो. मग दोष रेडिएटरला दिला जातो आणि नवा रेडिएटर बसतो. गाडी तरीही तापतेच.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो तपासायला दहा मिनिटे पुरतात. पातेल्यात पाणी घ्यायचे आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगायचा की तो बुडाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर धरून मंद आचेवर पाणी तापवायचे. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला आणि ९५ अंशांपर्यंत सुमारे ८ मिलिमीटर उघडला, तर तो चांगला आहे. बसवताना मेणाचा फुगा, म्हणजे तापल्यावर थर्मोस्टॅट उघडणारा भाग, इंजिनाकडे हवा. उलटा बसवलेला थर्मोस्टॅट वेळेवर उघडत नाही.

खरे निदान एका प्रश्नाने सुरू होते: गाडी नेमकी कधी तापते? गर्दीत, उभ्या उभ्या तापत असेल आणि पळवली की काटा उतरत असेल, तर हवा कमी पडते आहे. पंख्याभोवतीचे कडे बघा. अपघातानंतर किंवा रंगकामाच्या वेळी ते काढले जाते आणि परत बसतच नाही. पात्यांची निम्मी रुंदी कड्याच्या आत आणि निम्मी बाहेर असावी. पंखा उलट्या तोंडाने बसवला तरी हवा त्याच दिशेला जाते, पण ओढ कमी होते, म्हणून ही चूक पटकन लक्षात येत नाही. फॅन बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला की १० ते १२ मिलिमीटर दबावा. जाळीपुढे लावलेले जादा दिवे आणि भलीमोठी पाटी काढून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम होते. रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकलेले गवत आणि किडे इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवावेत. जोराच्या धारेने पापुद्रे आडवे होतात.

उलट शहरात ठीक आणि चढावर किंवा वेगात तापते, तर पाणी पुरेसे फिरत नाही. इथे सगळ्यात फसवा भाग म्हणजे खालचा होज पाइप. पंप पाणी खालून ओढतो, आणि रबर मऊ पडले असेल किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर रेस वाढवल्यावर तो पाइप चपटा होतो. उभ्या गाडीत तो धडधाकट दिसतो. म्हणून इंजिन गरम करून, एकाला रेस द्यायला लावून, दुसऱ्याने टॉर्चच्या उजेडात पाइपाकडे बघायचे. हात आणि कपडे पंख्यापासून लांब ठेवा. पंपाच्या तळाशी एक बारीक भोक असते. त्यातून थेंब गळत असेल तर सील गेले. गळत नसला तरी पंपातली पाणी ढकलणारी चकती गंजून बोथट झालेली असू शकते.

रेडिएटर चोंदला आहे का, हे हाताने कळते. गाडी गरम करून इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात सावकाश फिरवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. कारण बहुतेक वेळा बोअरवेलचे जड पाणी असते. तांबे-पितळेचा रेडिएटर उघडून, नळ्यांत पट्टी घालून साफ करता येतो. जुन्या कामाचा रेडिएटरवाला गावात असेल तर त्याच्याकडेच जा. ब्लॉकमधला गाळ मात्र आपल्यालाच काढावा लागतो. ब्लॉकच्या नळाचे भोक तारेने मोकळे करून सगळे पाणी सोडा. एका लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून भरा, गाडी गरम होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटे चालवा, सोडा, आणि स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुवा. कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो ॲल्युमिनियमचे हेड खातो. आणि हेही ध्यानात असू द्या की जुना रेडिएटर केवळ गंजामुळेच गळत नसेल, तर गंज निघाल्यावर तो गळणारच.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी बघत नाही. सात पौंडांचे (म्हणजे चौरस इंचाला सात पौंड दाब धरणारे) झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीला १०० वरून सुमारे ११२ अंशांवर नेते. झाकणाचे रबर गेले की हा सगळा फायदा जातो, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. पण म्हणून जुन्या रेडिएटरला पंधरा पौंडांचे झाकण लावू नये. त्याने वरच्या टाकीची झाळ सुटते.

या सगळ्याच्या आधी काटा खरा बोलतो का तेही बघा. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर त्याचे अर्थिंग (इंजिनाशी विजेची जोडणी) तुटू शकते आणि काटा भलतेच दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखले की खरे काय ते कळते.

यातले काहीच सापडले नाही, तर हेड गॅसकेट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधली पट्टी. इंजिन पूर्ण थंड असताना फॅन बेल्ट उतरवा, म्हणजे पंप पाणी ढवळणार नाही. रेडिएटर तोंडापर्यंत भरून झाकण उघडेच ठेवा आणि गाडी जेमतेम एक मिनिट चालू करा. पाणी तापायच्या आत बुडबुड्यांची माळ सुरू झाली, तर सिलिंडरचा वायू पाण्यात येतो आहे. हेड काढल्यावर त्याच्या सपाट तळावर सरळ पोलादी पट्टी उभी आणि तिरपी अशी ठेवून तिच्याखाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचे माप) सरकवा. ०.१० मिलिमीटरचे पान आत गेले तर फेसिंगशिवाय (हेडचा तळ यंत्रावर घासून सपाट केल्याशिवाय) नवे गॅसकेट बसवू नका. ते महिनाभरात पुन्हा जाते.

भरताना साधे पाणी नको. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, त्यामुळे एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड पाणी पुरते. कूलंट इथे मुख्यतः गंज रोखायला लागते. दोन रंगांची कूलंट एकत्र करू नयेत. गाडीचे नाक चढाकडे करून भरा, हीटर असेल तर उघडा ठेवा, आणि झाकण न लावता थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा. आत अडकलेली हवा निघाली की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा.

घाटात तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढवण्यापेक्षा दुसऱ्यात रेस राखावी, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. तरीही काटा वर गेला तर बाजूला घ्या. बेल्ट शाबूत आणि आत पाणी असेल तर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे जरा वाढीव आयडलवर ठेवा. झाकणाला अर्धा तास तरी हात लावू नका, मग जाड फडक्याने पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून वाफ जाऊ द्या. पाणी घालायचे ते इंजिन चालू ठेवून, बारीक धारेने.

कळावे,
एक वाचक, नाशिक