कॅल्शियमच्या केंद्रकालाही जागा द्या

महोदय,

आपल्या विज्ञान पानावर ग्रह-तारे वरचेवर येतात, अणुकेंद्रक मात्र क्वचितच. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या बारावीच्या मुलांना मी कॅल्शियमच्या समस्थानिकांच्या (प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या अणूंच्या) केंद्रकांच्या आकाराचा आलेख काढायला लावते. आपल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांत जे कॅल्शियम असतं, त्याच्या दर 100 अणूंपैकी जवळपास 97 कॅल्शियम-40 चे: 20 प्रोटॉन, 20 न्यूट्रॉन. कॅल्शियम-48 मध्ये 8 न्यूट्रॉन जादा, तरी विद्युतभार त्रिज्या, म्हणजे प्रोटॉनांचा भार केंद्रकात किती दूर पसरलाय त्याचं माप, दोघांचीही सुमारे 3.48 फेम्टोमीटर (मीटरच्या अब्जांशाचा दशलक्षांश म्हणजे एक फेम्टोमीटर)! मधल्या कॅल्शियम-44 पाशी ती 3.52 पर्यंत चढते आणि पुन्हा उतरते. तिथे पेन्सिल थांबते आणि मुलं विचारतात, असं का?

मारिया गेपर्ट-मायर आणि येन्सन या भौतिकशास्त्रज्ञांच्या 1949 च्या कवच प्रारूपाने (केंद्रकातले कण ठरावीक कवचांत बसतात, ही कल्पना) 20 आणि 28 हे जादुई अंक, म्हणजे कवच पूर्ण भरणाऱ्या कणसंख्या, उलगडले, पण हा चढउतार साध्या प्रारूपाला पेलत नाही. न्यूट्रॉनांच्या जोड्या, कवच ओलांडून वर जाणारे प्रोटॉन, हे सगळं गणितात घ्यावं लागतं. त्यात 2016 मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या मोजमापांत कॅल्शियम-52 अपेक्षेपेक्षा बरंच मोठं निघालं.

हे मुलांना मराठीतून वाचायला मिळायलाच हवं. महिन्याला निदान एक लेख द्यावा, आलेखासकट.

- एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका, फोंडा