शहरी वनांच्या कुंपणाबाहेर जबाबदारी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहराच्या हद्दीतील राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि राखीव वने यांची चर्चा होते ती बहुधा एखादा रस्ता किंवा बोगदा त्यांतून जाणार असे जाहीर झाल्यावर. तो विरोध आवश्यकच आहे. परंतु या वनांची रोजची झीज ज्या गोष्टींमुळे होते त्या बऱ्याचदा कुंपणाबाहेर घडतात आणि तिथे वन विभागाचा फारसा अधिकार चालत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अशा जागांचा उपयोग काय, असे विचारणारे आजही भेटतात. रिओ दि जानेरोमधील तिजुका डोंगरांवरचे जंगल कॉफीच्या मळ्यांसाठी तोडले गेले, झरे आटले आणि शहराला पाणी पुरेना. तेव्हा मळ्यांच्या जमिनी परत घेऊन १८६१ पासून तिथे पुन्हा झाडे लावावी लागली. १९६१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले हे गर्द वन माणसांनी हाताने लावलेले आहे, आणि ते हात प्रारंभी गुलाम मजुरांचे होते, हेही विसरता कामा नये. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी आणि विहार हे तलाव आहेत. डोंगरावरचे रान टिकले तरच तलावात पाणी येते आणि गाळ कमी येतो, ही साधी गोष्ट आहे.

आता कुंपणाकडे पाहू. भिंतीलगतची कचराकुंडी भरून वाहते, ओल्या कचऱ्यावर भटकी कुत्री जमतात, त्यांच्या मागावर रात्री बिबट्या भिंतीपलीकडे उतरतो आणि सकाळी पिंजरा लावण्याची मागणी होते. बिबट्या पकडून दूर सोडला तरी रिकाम्या जागेत दुसरा येतो, कारण कुंडी तशीच असते. पिंजरा लावायचा वन विभागाने, कचरा उचलायचा महापालिकेने आणि भिंतीला खेटून इमारतीला परवानगी द्यायची नियोजन प्राधिकरणाने, अशी वाटणी असल्यावर संपूर्ण साखळीला जबाबदार असा कोणीच उरत नाही.

नैरोबीचे राष्ट्रीय उद्यान १९४६ चे, सुमारे ११७ चौरस किलोमीटरचे. त्याच्या तीन बाजूंना कुंपण आहे. दक्षिणेची बाजू मोकळी असून चरणारे प्राणी त्या बाजूने खासगी माळरानांवर ये-जा करतात. ही वाट बंद पडू नये म्हणून तेथील जमीनमालकांनी कुंपण घालू नये, यासाठी त्यांना मोबदला देण्याची योजना राबवली गेली. उद्यानाबाहेरची जमीन हाही संरक्षणाचाच भाग आहे, हे तिथे प्रत्यक्ष खर्च करून मान्य केले गेले.

सुशोभीकरणाबद्दलही लिहिणे भाग आहे. वनातल्या पायवाटेवर पेव्हर ब्लॉक बसवले जातात, झाडांखालचा पाचोळा झाडून जाळला जातो. पाचोळा म्हणजे कचरा नव्हे. तो उचलला की माती उघडी पडते, पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि त्यावर जगणारे किडे-बुरशीही नाहीसे होतात. बाग राखणे आणि वन राखणे ही दोन वेगळी कामे आहेत.

माझी विनंती अशी आहे की, प्रत्येक शहरी संरक्षित क्षेत्रासाठी वन विभाग, महापालिका, नियोजन प्राधिकरण, जलविभाग आणि उद्यान घोषित होण्याआधीपासून तिथे राहणारी कुटुंबे यांचे एक कायमस्वरूपी मंडळ कायद्याने स्थापन करावे. निव्वळ सल्ला देणाऱ्या समित्यांचे अहवाल कपाटात पडून राहतात. म्हणून कुंपणालगतच्या पट्ट्यातील कचरा, दिवे आणि बांधकाम परवानग्या यांबाबत या मंडळाचा निर्णय बंधनकारक असावा आणि त्याच्या बैठकांचे इतिवृत्त नागरिकांना वाचता यावे. पहिल्याच बैठकीत भिंतीलगतच्या कचराकुंड्यांची यादी मांडून त्या हलवण्याची तारीख ठरवता येईल. त्यासाठी नवा निधी लागण्याचेही कारण नाही.

आपला नम्र,
एक वाचक