कुंपणाचं मी ठरवून टाकलंय

प्रिय आई-बाबा,

बाबा, मनगटाला खिळा लागला असं तुम्ही म्हणालात, पण व्हिडिओ कॉलवर पट्टीच्या कडेला कुत्र्याच्या दातांच्या खुणा दिसल्या मला. आई, तूही गप्पच राहिलीस. रागावले नाहीये मी. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. शेरूला घरात मीच आणलं आणि वर्षभरात तुमच्यावर टाकून निघून आले.

म्हणून तुम्हाला न विचारता ठरवलंय. रविवारी माणसं येतील. मागच्या अंगणात, सामाईक कुंपणापासून अडीच फूट आत, आपल्या बाजूने दुसरी जाळी लागेल. शेजारच्या काकांशी बोलले. ते त्यांच्या बाजूने फळ्या ठोकून घेतायत, म्हणजे शेरूला आणि त्यांच्या कुत्र्याला एकमेकांचं तोंडच दिसणार नाही. भांडण नाही झालं, उलट त्यांनाच फार वाईट वाटत होतं.

अंगण आखडेल, कळतंय मला. आई, तुझी जाई नेमकी त्या पट्ट्यात येते. तिच्या पानालाही हात लावायचा नाही असं बजावलंय, आणि पाणी घालायला जाता यावं म्हणून छोटं फाटक ठेवायला सांगितलंय. बाबांची खुर्ची आहे तिथेच, सावलीत राहील.

शेरू वाईट नाही हो. रस्त्यात भेटले तर दोघं हुंगतात आणि आपापल्या वाटेने जातात. जाळीतून मात्र समोरचा दिसतो आणि पोचता येत नाही, त्यानेच डोकं फिरतं. कुंपणाकडेची माती बघा, धावून धावून पायवाट पडलीये. अशा वेळी गळपट्ट्याला हात घातला की हात कोणाचा हे त्याला कळतच नाही, तो नुसता वळून चावतो. नंतर तुमच्या चपलेवर डोकं ठेवून पडला होता, असं आईच म्हणाली ना?

शाळेच्या वाटेवरचं ते काळं कुत्रं आठवतं, बाबा? काही न बोलता माझं बोट बदलून मला पलीकडे घ्यायचात आणि स्वतः मध्ये चालायचात.

आता ऐका. जुंपली तर मध्ये हात घालायचा नाही, बाबा. अजिबात नाही. तोवर अंगणात सोडताना लांब दोरी बांधलेली असू दे, टोक धरून मागे घ्यायचं. आपली वेळ सकाळी ७, त्यांची ८, तसं काकांशी ठरलंय. नुसता ओरखडा आला तरी साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटं, आणि मग डॉक्टर. घरचंच कुत्रं, लस दिलेली आहे, असं म्हणून टाळायचं नाही. तुमची उरलेली इंजेक्शनं ठरल्या तारखांनाच घ्या. तुम्हाला जमत नाही असं नाही म्हणत मी, बाबा. पण आत्याच्या वेळचं पुन्हा नको.

रविवारी शेरूला माझ्या खोलीत ठेवा, माझी जुनी चादर टाकून. दार खरवडेल. खरवडू दे.

तुमची,
चिमी