विषय: कानाभोवती न बसणारा ‘ओव्हर-इअर’ हेडफोन आणि मला न विचारता तीनदा बंद केलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी अकराच्या सुमारास तुमच्या माणसाने माझं बोलणं चालू असताना फोन ठेवला, म्हणून हे लिहिते आहे. तक्रारीचे तीन क्रमांक तुमच्याकडे आहेत. तिन्ही ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केल्या आहेत. कशाचंही निराकरण झालेलं नाही. हेडफोन माझ्या टेबलावर पडून आहे आणि माझे 2,499 रुपये तुमच्याकडे आहेत.

14 जूनला तुमच्याच वेबसाइटवरून घेतलेला हा वायरचा, बंद कपांचा हेडफोन. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘ओव्हर-इअर’ आणि त्याखाली ‘दिवसभर आरामदायी’ छापलेला. हे दोन शब्द वाचूनच मी तो घेतला. माझं काम रेकॉर्डिंग ऐकून मराठी आणि कन्नड मजकूर टाइप करून देण्याचं आहे. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार-पाच तास लागतात, तेवढा वेळ हेडफोन डोक्यावरच असतो. मी शहापूरला राहते आणि आमच्या घराच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग आहेत. उघड्या कपांचा हेडफोन इथे चालतच नाही, मागाचा खडखडाट थेट आत येतो. रात्री वडील त्याच खोलीत झोपतात, तेव्हा आतला आवाज बाहेर जाऊनही चालत नाही. ब्लूटूथ नको होता, कारण पायाखालच्या पेडलने रेकॉर्डिंग थांबवलं-सोडलं की आवाज मागे राहतो. नॉइज कॅन्सलिंगचे माझ्या पैशांत बसत नव्हते, शिवाय ते पंख्यासारख्या सलग घरघरीवर चांगले चालतात, मागाच्या ठोक्यावर तेवढे नाहीत. पंधरा दिवस रोज रात्री माहिती काढून मी तुमचा निवडला.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासात कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या. दीड तासात चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. तेव्हा पट्टी घेऊन मोजलं. गादीच्या आतलं भोक 50 मिलिमीटर उंच आणि 34 रुंद. माझा कान 61 मिलिमीटर. कान आत जातच नाही, गादी कानावर बसते. याला ओव्हर-इअर म्हणत नाहीत, ऑन-इअर म्हणतात, आणि हे मी तुम्हाला शिकवावं अशी गोष्ट नाही. त्यात पट्टा इतका ताणलेला की चष्म्याची काडी गादीखाली आली की तिथे फट पडते. फटीतून खर्जाचा आवाज निघून जातो आणि मागाचा आत येतो. मग आवाज वाढवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास ही मर्यादा सांगते. माझे तास जवळपास तेवढेच भरतात. आवाज चढवून ऐकण्याची चैन मला परवडणारी नाही, या कानांवर माझं घर चालतं.

आता 20 जूनचा फोन. सात दिवसांच्या बदलीच्या मुदतीत मी फोन केला होता, हे आधी लिहून ठेवा. मी एकच प्रश्न विचारला: गादीच्या आतलं माप किती? पलीकडून उत्तर आलं, चाळीस एमएम. मी म्हटलं, चाळीस हा ड्रायव्हरचा आकार आहे, आवाज काढणाऱ्या पडद्याचा. मी गादीचं भोक विचारते आहे. ते म्हणाले, एकच गोष्ट आहे मॅडम. मी पुन्हा समजावलं. त्यांनी मला थांबायला सांगितलं, नऊ मिनिटं गाणं ऐकवलं, परत येऊन म्हणाले, चाळीस एमएम. मी म्हटलं, माझ्या हातात पट्टी आहे, कान 61 आहे. त्यावर ते म्हणाले, “मॅडम, तुमचे कान मोठे असतील, ते वॉरंटीत येत नाही.” मी गप्प झाले. मग चष्म्याचं सांगितलं, तर म्हणाले, “चष्मा काढून वापरून बघा.” चष्मा काढून मी स्क्रीनवर काय वाचू? हे मी त्यांना विचारलं. त्यांनी तक्रार बंद केली. 61 मिलिमीटरचा कान काही जगावेगळा नाही. घरात सगळ्यांचे मोजले, वडिलांचा 66 आहे.

दुसऱ्या तक्रारीत सांगितलं, खोकं उघडून गादी कानाला लागली, स्वच्छतेच्या कारणाने परत घेता येत नाही. कानाला न लावता हेडफोन बसतो की नाही हे कळणार कसं? गाद्या चिकटवलेल्या आहेत, बदलताही येत नाहीत. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी 770 प्रो हा हेडफोन माझ्या ऐपतीबाहेर आहे, पण त्याच्या मखमली गाद्या काढून नव्या लावता येतात. तुमच्या रेक्झिनच्या गाद्यांचं बेळगावच्या पावसाळ्यात काय होणार, तेही मला दिसतं आहे.

तिसऱ्या तक्रारीत सर्व्हिस सेंटर बेंगळुरूचं दिलं, स्वतः घेऊन या म्हणाले. बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटर. कोल्हापूरला तुमचं सेंटर आहे, निपाणीवरून बसने अडीच-तीन तासांत पोहोचते. पण माझा पिनकोड कर्नाटकाचा, म्हणून कोल्हापूर देता येत नाही म्हणाले, आणि मराठीत बोलणारा माणूसही देता येत नाही. मला कन्नड येतं, कन्नडवरच माझं अर्धं पोट आहे. मी म्हटलं, मग कन्नड बोलणारा द्या. तोही मिळाला नाही.

माझा भाऊ 2016 पासून सहा वर्षं तुमचाच इअरफोन वापरत होता. त्याच भरवशावर तुमचं नाव बघून पैसे भरले. आता शेजारच्या दोघी विचारत होत्या, त्यांना नको म्हणून सांगितलं.

मला पूर्ण पैसे परत हवेत, पार्सल घरून न्यायला हवं, आणि वेबसाइटवर गादीच्या आतलं माप लिहायला हवं. ई-वाणिज्य नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करून मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथे दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पट्टीसकट काढलेले फोटो आणि तिन्ही फोनच्या तारखा-वेळा मी जपून ठेवल्या आहेत.

आणि कान मोठे आहेत म्हणणाऱ्या त्या माणसाने माझी माफी मागावी. लेखी.

आपली ग्राहक,
शहापूर, बेळगाव

ता. क. पार्सल न्यायला माणूस पाठवाल तर त्याला दारावर जोरात थाप मारायला सांगा. माग चालू असताना बेल ऐकू येत नाही.