पॅरालिसिसचा झटका आला तर बोटं टोचत बसू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला बोटांच्या अ‍ॅक्युप्रेशरवरचा लेख वाचला. मी स्वतः रोज रात्री बोटं दाबते, झोप छान लागते, त्यामुळे या विद्येबद्दल मला राग अजिबात नाहीये. पण "अंगठा दाबा, फुप्फुस सुधारेल" इतकं सोपं मूळ चिनी वैद्यकात नाही हो. तिथे बोटाशी जोडलेली असते ती वाहिनी, म्हणजे मेरिडियन, शरीरातली ऊर्जा जिथून वाहते असं ते मानतात तो मार्ग. हाताच्या तीन वाहिन्या बोटांशी संपतात, तीन तिथून सुरू होतात, करंगळीवर तर दोन आहेत, हृदयाची आणि लहान आतड्याची. वाहिनी जिथे संपते किंवा सुरू होते त्या बिंदूंना ते जिंग म्हणजे विहीर म्हणतात, किती सुंदर कल्पना आहे ना! आणि ते बहुतेक नखाच्या कोपऱ्याशी असतात, फक्त मधल्या बोटाचा बरोबर टोकावर.

अगदी टोकावरचे दहा बिंदू वेगळे, त्यांना शीश्वेन म्हणतात. बेशुद्धी, उष्माघात, खूप ताप यात तिथे सुई टोचून थेंबभर रक्त काढायची जुनी पद्धत आहे आणि लेखात हे नेमकं राहिलं. कारण यावरूनच तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज फिरतो, पॅरालिसिसचा झटका आला की दहाही बोटं टोचा, रक्त येईपर्यंत पेशंटला हलवू नका.

आमच्या शेजारच्या काकांचं तोंड अचानक वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं, तेव्हा घरच्यांनी हाच मेसेज वाचून सुई शोधली, गॅसवर तापवली, एकेक बोट टोचत बसले, पाऊण तास गेला. काका वाचले पण उजवा हात अजून नीट उचलत नाही. त्या पाऊण तासामुळेच असं झालं असं मी म्हणणार नाही, पण तो वेळ माझ्या डोक्यातून जात नाही. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनसारख्या तपासणीशिवाय कळतच नाही, मग सुईला काय कळणार?

आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले डॉ. बिजॉय बसू पुढे तिथे अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून करायचे उपचार, शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं, तेही आधी डॉक्टर होतेच, सुई त्यांच्या हाती आली ती त्यानंतर.

पुढच्या रविवारी ठळक चौकटीत एवढं छापाच: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं की लगेच १०८.

आपली नियमित वाचक,
सोलापूर