ताई, तुम्ही आधी तारीख विचारलीत

ताई,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथे कॅनडात ब्रॅम्प्टनला टाइल्स, ड्रायवॉल, रंगाची कामं करणारी आपली बरीच पोरं आहेत, त्यांच्याही कानावर जाऊ दे.

माझे टाइल्सच्या कामाचे 18,400 डॉलर अडकले होते. मुख्य कॉन्ट्रॅक्टर दर शुक्रवारी म्हणायचा, ‘मालकाकडून आले की देतो.’ महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमानंतर, 4 मेला, मी तुमच्या किचन टेबलावर बिलांचा गठ्ठा ठेवला. किती अडकलेत हे तुम्ही विचारलंच नाहीत. म्हणालात, ‘शेवटचं काम कधी केलंस?’

मी म्हटलं, 22 एप्रिल. त्या दिवशी दोन तडकलेल्या टाइल्स बदलून आलो होतो. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. ‘ती दुरुस्ती. त्या तारखेवर जुगार नको. टाइल्सच्या फटींत ग्राउट कधी भरलंस?’ 14 मार्च. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने एकेक दिवस मोजलात. आपल्या ऑन्टारिओ प्रांतात लीन, म्हणजे थकलेल्या पैशांसाठी जागेवरचा हक्क, नोंदवायला शेवटच्या कामापासून 60 दिवस, म्हणजे 13 मे. मी जून धरून निवांत बसलो होतो!

लीन म्हणजे काय, तेही गावच्या भाषेत सांगितलंत: सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, तसंच. ज्याने पैसे बुडवले त्याच्यावर नाही, जिथे घाम गाळला त्या जागेवर. मला भीती होती की पुढची कामं बंद होतील. ‘आत्ता फुकट करतोयस त्या कामांना काम म्हणतोस का?’ हे जरा लागलं, पण खरंच होतं.

रागाच्या भरात मी व्याजही जोडलं होतं. ते तुम्ही सरळ खोडलंत. कायद्याने लीनमध्ये व्याज धरता येत नाही, आणि रक्कम वाटेल तशी फुगवली तर उलट आपल्याच अंगाशी येतं. वकिलांच्या ऑफिसात वीस वर्षं क्लार्क म्हणून काढलेल्या बाईची पेन्सिल ती. ‘सल्ला वकील देतील, मी नुसत्या तारखा मोजते,’ म्हणत सोमवारी सकाळी त्यांना फोनही तुम्हीच लावलात. 10 मेला नोंदणी झाली. 13 मेच्या पुढच्या 90 दिवसांत कोर्टात दावा लावला नाही तर लीन उडतं, हेही तुम्ही वहीत लिहून दिलं होतं. ते पान उघडावंच लागलं नाही. मालक जागेवर नव्याने कर्ज काढत होता (रीफायनान्सिंग), बँकेला टायटलवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या नोंदीत, लीन दिसलं, आणि जो कॉन्ट्रॅक्टर माझा फोन उचलत नव्हता त्याने दिवसात चार फोन केले. 29 मेला पूर्ण रक्कम खात्यात आली. वकिलांची फी त्यातून गेली, त्याचं काही नाही. लीन उतरवून दिलं.

तुम्ही मोजत होतात तेव्हा माझं लक्ष सिंकमागच्या भिंतीकडे जात होतं. नळाच्या डावीकडच्या तीन टाइल्स उचलल्यात. शनिवारी टाइल चिकटवायचं थिनसेट घेऊन येतो. पैशाचं काढलंत तर तुमच्याच घरावर लीन टाकेन.

तुमचा,
टाइलवाला भाऊ